आधी वाचा, मग पुसा!

"फॉर्मॅट मारू या, गुरुजी!"

हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले तो गृहस्थ माझ्या हाती लागला, तर मी त्याला फळ्यापुढे उभा करीन आणि 'मी आधी वाचीन, मग पुसेन' हे शंभर वेळा लिहायला लावीन. दिवाळीच्या अंकात असे भांडखोर तोंड घेऊन येणे शोभत नाही, हे मला समजते. संपादकांनी मागितली होती एक खेळकर गोष्ट, चकलीचा तुकडा मोडता मोडता आजीपासून नातीपर्यंत सर्वांना वाचता येईल अशी. परंतु गेली चार वर्षे मी एक राग पोटात वागवीत आलो आहे. तो फटाक्यांच्या आवाजात उडवून दिला तर शेजाऱ्यांना फारसा त्रास होणार नाही, असा विचार करून हा लेख लिहावयास बसलो.

प्रथम माझी लायकी सांगतो, म्हणजे विरोधकांना ती शोधत बसावे लागणार नाही. मी मॅट्रिक आहे. माझ्या जन्माआधीच त्या परीक्षेला लोक दहावी म्हणू लागले होते, पण आमच्या घरात वडील अखेरपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणत आले, तेव्हा मीही तेच म्हणतो. कोकणातल्या एका खेड्यात मी हस्तकलेचा मास्तर आहे. माती, बांबू, कागद हे माझे विषय. आणि अलीकडे, दुसरे कोणी हात लावायला तयार नाही म्हणून, संगणक. रात्री कादंबऱ्या लिहितो. चार छापून आल्या आहेत, पाचवी अडकली आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. या लेखात मी जे सांगणार आहे त्याला ती लागतही नाही, हेच तर माझे भांडण आहे.

हकीकत अशी. आमच्या शाळेत एक जुना संगणक होता आणि त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. ती फुकट मिळते, एवढेच मुख्याध्यापकांना पुरेसे होते. त्या यंत्रावर सातवीच्या मुलामुलींनी एक काम काढले होते. गावातले जुने शब्द गोळा करायचे: इरले, तरवा, उडवी, व्हाळ, पाणंद. ज्या वस्तू गेल्या त्यांचे शब्दही चालले होते, त्यांना दाराशी अडवायचे. आणि दुसरे काम म्हणजे आमच्या आळीतल्या एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या. एक मुलगी दर शनिवारी तिच्याकडे जाई, वहीत उतरवून आणी आणि सोमवारी यंत्रात टंकी. सुमारे 200 ओव्या झाल्या होत्या. वह्या एका पावसाळ्यात शाळेचे कौल सरकले तेव्हा भिजून लगदा झाल्या. पण ओव्या यंत्रात आहेत म्हणून कोणी हळहळले नाही.

एके सोमवारी ते यंत्र मुलांना आत घेईना. नाव विचारी, पासवर्ड विचारी, तो बरोबर आहे हे मान्यही करी. मग क्षणभर पडदा काळा होई आणि पुन्हा नाव विचारी. जसा एखादा भालदार तुम्हाला ओळखतो, लवून मुजरा करतो, आत सोडतो आणि मागच्या दाराने पुन्हा बाहेर आणून उभे करतो! तालुक्याहून एक दुरुस्तीवाले गृहस्थ बोलावले. त्यांनी दोनदा पासवर्ड दिला, दोनदा बाहेर आले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि ते वाक्य उच्चारले.

मी विचारले, "आतले सगळे?"

"ते जाईल. पण यंत्र एकदम नव्यासारखं होईल."

मी मान हलविली. होय, मीच हलविली. तो डाग दुसऱ्या कोणाच्या अंगरख्यावर पुसण्याचा माझा इरादा नाही. चाळीस मिनिटांत यंत्र नव्यासारखे झाले. नव्यासारखे म्हणजे काय, तर तान्ह्या मुलासारखे: त्याला एक ओवी येत नव्हती. पाचशे रुपये दिले, पावती घेतली. आणि त्याच चैत्रात आजी वारली.

रोग काय होता ते मला पुढे दीड वर्षाने कळले. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला मालक असतो. यंत्राचा जो मुख्य अधिकारी, त्याला 'रूट' म्हणतात. आणि सामान्य माणसाला त्याचे अधिकार क्षणभर उसने घ्यायचे असतील तर आज्ञेपूर्वी 'सुडो' हा शब्द लिहायचा असतो. आमच्या एका मुलाने प्रोग्रॅमची बांधणी करताना (हल्लीची मंडळी 'बिल्ड' म्हणतात) 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून जिथे तिथे 'सुडो' लिहायचा सपाटा लावला होता. त्यात वर्गाच्या खात्यातल्या काही फायलींची मालकी रूटकडे गेली. त्यांतली एक फाइल अशी, की पडद्यावर चित्रे काढणाऱ्या व्यवस्थेला आत आल्याबरोबर ती लिहावी लागते. 'डॉट एक्स ऑथॉरिटी' तिचे नाव. खाते मुलांचे, फाइल रूटची. लिहिता येईना, म्हणून मंडळी बाहेर. पुढे आम्ही दुसऱ्या यंत्रावर त्या फायलीची मालकी मुद्दाम बदलून पाहिली. हुबेहूब तोच रोग! आणि उतारा? 'चौन' या आज्ञेने मालकी परत मूळ मालकाला द्यायची. एका ओळीचे काम. ओव्या जागच्या जागी, सुखरूप होत्या. पुसल्या जाण्याच्या क्षणापर्यंत एकीचेही एक अक्षर हलले नव्हते.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपले पूर्वज म्हणत. पण पखालीला औषध पाजल्याने रेडा निदान मरत तरी नव्हता.

आता कोणी म्हणेल, त्या बिचाऱ्या दुरुस्तीवाल्याला हे कसे कळावे? माझा सगळा संताप इथेच आहे. त्याला ते यंत्र सांगत होते! हे यंत्र ज्या घराण्यातले आहे त्या घराण्याची रीत जरा ध्यानात घ्या. 1969 साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली लिहावयास घेतली. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन नावाच्या एका हट्टी गृहस्थाने जाहीर केले, की तसलीच एक प्रणाली मी सर्वांसाठी मोकळी करीन. कोणीही तिचे पोट उघडून वाचावे, दुरुस्त करावे, शेजाऱ्याला द्यावे. 1991 साली हेलसिंकीच्या विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिला लागणारा गाभा लिहिला. त्याचे नाव लिनक्स. वाचणाऱ्यांनी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेली ही वस्तू आहे. त्यामुळे काही बिघडले तर ती तोंडाने सांगते, आणि शिवाय एका खोलीत रोजनिशी लिहून ठेवते. त्या खोलीला 'व्हार लॉग' म्हणतात. आमच्या यंत्राच्या रोजनिशीत त्या सोमवारी काय लिहिलेले असणार, हे आता मी डोळे मिटून सांगू शकतो: अमक्याचा प्रवेश झाला, वेळ अमकी, अमक्याचा प्रवेश संपला, वेळ तीच. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, खाते शाबूत आहे, अडचण त्यानंतरची आहे. अर्धा रोग तिथेच कळला! पण रोजनिशी उघडायची कोणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घेऊन आल्यावर आम्ही कळसाच फोडून टाकला.

नाडी न पाहता सरण रचणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग याला 'इंजिनिअर' का म्हणतो?

दुसरी खेप सांगतो, कारण तिच्यात मी जिंकलो आहे, आणि माणसाने आपल्या विजयाची गोष्ट दिवाळीत सांगू नये तर केव्हा सांगावी? जुना संगणक पुढे एकदाचा बंद पडला. एका माजी विद्यार्थ्याने रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे यंत्र आणून दिले. विलायतेत केंब्रिजला मुलांना शिकविण्यासाठी म्हणून 2012 साली ही यंत्रे प्रथम निघाली. आमचे त्या मालिकेतले तिसऱ्या पिढीचे. सारी स्मृती बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर, सोळा गिगाबाइटची. मुलांनी शब्दांचे काम पुन्हा सुरू केले होते. शब्दांची यादी एकेक अक्षर वाचून, मधल्या रिकाम्या ओळी गाळून, स्वच्छ नक्कल उतरविणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही सी भाषेत लिहिला होता. जुन्या संगणकावर तो बिनतक्रार चाले. नव्या यंत्रावर त्याची बांधणी केली, एकही चूक दाखविली नाही, तो चालू केला, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून मुले खिचडी खायला गेली.

परत आली तो प्रोग्रॅम अजून चालूच. दोन सेकंदांचे काम! मुलांनी यंत्र बंद करून चालू केले. नाव, पासवर्ड, काळा पडदा, पुन्हा नाव. तोच भालदार!

मुख्याध्यापकांनी तालुक्याला फोन लावला आणि दुरुस्तीवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी हजर झाले. खिशात तोच पेन ड्राइव्ह. मी दारात उभा राहिलो. खरोखरच उभा राहिलो. माझ्या कादंबरीतल्या एकाही नायकाला जमले नसेल असा. "आज नाही," म्हटले, "आज आधी वाचायचे."

'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि वरच्या रांगेतली 'एफ-2' अशा तीन कळा एकदम दाबल्या की चित्रांचे जग बाजूला सरते आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्र पुन्हा नाव विचारते. वाड्याला जशी मागची पडवी. तेथे नाव दिले, पासवर्ड दिला, आणि सरळ आत गेलो! (तेथे पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, कळफलक मेला असे समजून कित्येक जण तेथूनच परततात.) मग 'डीएफ' ही आज्ञा दिली. ती कोठारात किती जागा व्यापली ते सांगते. शंभर टक्के! यंत्राला आत आल्यावर दोन ओळी लिहायच्या होत्या आणि दोन ओळींना जागा नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या कोठारात सामान्यतः शेकडा पाच जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. बाकीच्यांनी कितीही उधळपट्टी केली तरी तिला हात लागत नाही. आमची आजी तांदळाच्या कणगीत तळाशी दोन रुपये पुरून ठेवी, तसे. घर बुडाले तरी घर सावरणाऱ्याचे हात मोकळे राहावेत म्हणून. ज्यांनी ही व्यवस्था केली त्यांना घर चालवणे ठाऊक होते!

मग 'डीयू' या आज्ञेने कोणी किती जागा खाल्ली ते पाहिले. एकच फाइल सापडली, आणि ती आमच्या प्रोग्रॅमने लिहिलेली. प्रारंभी आमचे शब्द ओळीने नीट होते आणि पुढे एकच निरर्थक खूण, कोट्यवधी वेळा. मूळ यादी निराळ्या फायलीत होती. ती प्रथम पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. दुरुस्तीवाल्यांच्याच पेन ड्राइव्हवर, हे मुद्दाम नमूद करतो. मग ती राक्षसी फाइल पुसली. होय, मीही पुसले! पण काय पुसतो आहे ते वाचून पुसले. भालदाराने मुलांना आत सोडले, तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पण जागा का भरली? हा प्रश्न तिथेच सोडून देणे म्हणजे ताप उतरला म्हणून वैद्याला निरोप देणे. त्याला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या मुलांनी जे गणित शिकले ते मी वर्षभर घसा फोडून शिकवू शकलो नसतो. गंमत पाहा. प्रोग्रॅम फाइल वाचतो तेव्हा प्रत्येक अक्षर त्याला संख्येच्या रूपाने मिळते, आणि मजकूर संपला की 'संपले' या अर्थी उणे एक ही संख्या मिळते. आम्ही ती संख्या 'चार' नावाच्या लहानशा डबीत ठेवून घेत होतो. आता त्या डबीत उणे संख्या मावते की नाही, हे सी भाषेने यंत्र घडविणाऱ्यावर सोडलेले आहे. जुन्या इंटेलच्या संगणकावर मावे. या नव्या यंत्राच्या आर्म जातीच्या मेंदूवर, लिनक्समध्ये, मावत नाही. उणे एक टाकले की त्याचे दोनशे पंचावन्न होते. उणे लिहायची सोयच नसलेल्या कारकुनाने कर्ज जमेच्या बाजूला मांडावे, तसे! मग आमचा प्रोग्रॅम दर वेळी विचारतो, "हे उणे एक आहे काय?" उत्तर येते, "नाही, दोनशे पंचावन्न." "मग पुढे चला." आणि असा तो संपलेल्या फायलीतून न संपणारा मजकूर काढीत राहिला, कोठार भरेपर्यंत. लहान डबीऐवजी 'इंट' ही मोठी डबी वापरायची, हा उपाय. सी भाषेच्या कर्त्यांपैकी रिची आणि त्यांचे सहकारी कर्निगन यांनी 1978 सालच्या आपल्या पुस्तकात हे बजावून ठेवले आहे. पुस्तकही वाचायचे असते, हे आम्हाला तेव्हा आठवले.

आणि सर्वांत लाज वाटावी अशी गोष्ट ही, की बांधणी करणाऱ्याला 'सगळे इशारे दे' असे म्हटले असते तर त्याने ते तोंडावर सांगितले असते. आम्ही मागाहून म्हणून पाहिले. त्याने सांगितले: 'कम्पॅरिझन इज ऑलवेज ट्रू', ही तुलना नेहमीच खरी ठरणार आहे. म्हणजे, अरे गुरुजी, तुझा प्रश्नच फसवा आहे!

माझा एक भाचा पुण्यात मोठ्या पगारावर संगणकाचेच काम करतो. गणपतीत आला होता. सारे ऐकून म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला डोकं खपवता यात? मेसेज सगळे इंग्रजीत असतात. पोरांना नाही झेपायचं." या 'नाही झेपायचं' वर मला एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल. अरे बाबा, ते इंग्रजी शेक्सपिअरचे आहे काय? 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.' यंत्रावर जागा उरली नाही. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' अशी फाइल किंवा कप्पा नाही. 'परमिशन डिनाइड.' परवानगी नाकारली. आमची पाचवीतली मुलगी शब्दकोश घेऊन याचा अर्थ लावते. उणीव इंग्रजीची नाही. ओळ पाहून घाबरण्याऐवजी ती वाचायची, या सवयीची आहे. आणि ती सवय पगाराबरोबर येत नाही, हे त्याच संध्याकाळी दिसले: त्याचा मोबाइल अडकला तेव्हा पडद्यावरची सूचना न वाचताच तो ती बोटाने ढकलून देत होता.

वाचायचे तेही कसे, याला एक रीत आहे, आणि ती रीत कोणी शिकवीत नाही. बांधणी फसली की पडद्यावर चाळीस ओळी धावत जातात आणि माणूस शेवटची ओळ वाचतो, कारण तीच डोळ्यांपुढे राहते. शेवटची ओळ बहुधा 'एरर 1' असे काहीतरी म्हणते. म्हणजे 'घात झाला' एवढेच. रडणाऱ्या घरात शेवटी आलेल्या माणसाला विचारले तर तोही हुंदकेच देणार. वर जायचे, पहिल्या ओळीपाशी. एखादी शीर्षक-फाइल सापडली नाही, असे तिथे लिहिलेले असते. नाव दिलेले असते. लागणारी जोडपुरवणी मागवून बसविली की खालच्या एकोणचाळीस ओळी आपोआप गप्प होतात. पहिली चूक दुरुस्त करा, पुन्हा बांधा, पुन्हा पहिली वाचा. यात विद्वत्ता कुठे आहे?

कधीकधी चूक डोळ्यांना दिसतच नाही, हे खरे. बांधणीचा एक मुकादम असतो, 'मेक' नावाचा. 1976 साली बेलच्याच प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्याला द्यायच्या कामाच्या यादीत प्रत्येक आज्ञेच्या आधी 'टॅब' ही कळ दाबलीच पाहिजे. तितकीच मोकळी जागा चार वेळा स्पेस देऊन सोडली तर चालत नाही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात! असले कर्मठपण त्याच्यात का, तर चूक फेल्डमनना लवकरच उमगली होती, पण तोवर दहाबारा माणसे तो वापरू लागली होती आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. दहाबारा माणसांचा संकोच, आणि पन्नास वर्षे जग टॅब दाबीत आहे! तरी तोसुद्धा ओळीचा आकडा देऊन सांगतो, की 'इथे विभाजक नाही.' आमच्या सहावीच्या वर्गाने तो आकडा पाहून चूक शोधली. त्याआधी मी, कादंबरीकार असूनही, अर्धा तास कोऱ्या जागेकडे टक लावून बसलो होतो.

मी एकांगी लिहीत नाही हे दाखविण्यासाठी विरुद्ध बाजूचीही एक गोष्ट सांगतो. न वाचता पुसणारे जसे आहेत तसे न वाचता उघडणारेही आहेत. आमच्या गावातला एक कॉलेजकुमार मुलांच्या मदतीला आला. पुन्हा तेच 'परमिशन डिनाइड'. त्याने कुठूनशी एक आज्ञा उतरवून आणली आणि यंत्रावरच्या झाडून साऱ्या फायलींना सातशे सत्त्याहत्तर हा आकडा लावला. या आकड्याचा अर्थ सोपा आहे: वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक, बेरीज सात, पहिला सात मालकाला, दुसरा त्याच्या गटाला, तिसरा आल्यागेल्याला. म्हणजे घराची, देवघराची, तिजोरीची आणि विहिरीची किल्ली वाटसरूच्या हाती! क्षणभर सारे चालले. मग 'सुडो' संपावर गेला. त्याचे म्हणणे रास्त होते: ज्या नियमांच्या वहीत कोणीही खाडाखोड करू शकतो तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पूर्वी कोणत्या फायलीला कोणते अधिकार होते हे आता कोणाला आठवणार? त्या वेळी मीच म्हणालो, कार्ड काढा, दुसऱ्या यंत्राला लावा, मुलांचे सारे लिखाण उतरवून घ्या, आणि मग पुसा. खुशाल पुसा. कार्डच झिजून मरायला लागले असेल तरी पुसा, किंवा फेकून द्या. पुसण्याशी माझे वैर नाही. वैर आहे ते पुसणे हे पहिले पाऊल करणाऱ्यांशी.

मुख्याध्यापकांचा प्रसंग वगळणार होतो, पण ते हा अंक विकत घेत नाहीत. एका सकाळी त्यांना यंत्राने सात वेळा नाकारले. पासवर्ड त्यांचाच, सात वेळा बरोबर लिहिलेला. पडद्यावर नुसते ठिपके. त्यांनी कळफलकाला शिव्या दिल्या, मुलांवर फितुरीचा आरोप केला, आणि फोन हातात घेतला. एका मुलीने भीत भीत पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. आदल्या दिवशी शब्द टंकताना कळफलक मराठीवर गेला होता आणि तसाच राहिला होता. त्या मांडणीत 'एच' च्या कळीवर 'प' आहे, 'जे' च्या कळीवर 'र'. सर इंग्रजीत लिहीत होते आणि यंत्र मराठीत ऐकत होते! कोपऱ्यात दोनच अक्षरे होती, कोणती भाषा चालू आहे ते सांगणारी. त्या दोन अक्षरांवाचून सोळा गिगाबाइट पुसले जाणार होते.

आणि आता स्वतःवर येतो, कारण दुसऱ्यांवर दगड मारून झाले. ही पुसण्याची सवय त्या दुरुस्तीवाल्याला लावली कोणी? तो कधीतरी कोणाच्या तरी वर्गात बसलाच असेल. वीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासतो आहे. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारायची आणि म्हणायचे, "खोड ते, नीट लिही." मुले खोडतात, इतकी खोडतात की कागद फाटतो. पालकसभेला वही स्वच्छ दिसली पाहिजे! चूक कशी झाली, कोणत्या पायरीवर पाय घसरला, ते त्या खोडलेल्या जागेतच होते, आणि ती जागा मीच मुलांकडून साफ करून घेत आलो. आता मी खोडरबर जप्त केला आहे. चुकीवर एक आडवी रेघ ओढायची, ती वाचता आली पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. एका पालकांनी तक्रार केली, की गुरुजींच्या वर्गातल्या वह्या घाणेरड्या दिसतात. दिसतात खऱ्या.

यंत्रापाशी आम्ही एक दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवली आहे. काही अडले की प्रथम त्या वहीत तारीख घालून पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवायची, मगच कळीला हात लावायचा. गेल्या श्रावणात दोन दिवस वीज नव्हती. आमच्या या यंत्रात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते आपली शेवटची वेळ आठवून तिथून पुढे मोजू लागते, आणि इंटरनेट येऊन वेळ सांगेपर्यंत मागेच राहते. मी घरून पेन ड्राइव्हवर आणलेली फाइल त्याच्या लेखी दोन दिवस पुढच्या तारखेची निघाली. फाइल नवी की जुनी हे मुकादम तारखेवरूनच ठरवतो, तेव्हा तो गोंधळला आणि तसे म्हणाला. मी चष्मा शोधेपर्यंत एका मुलीने वहीत लिहून टाकले होते: 'घड्याळ मागे आहे. बांधणी अपुरी असू शकेल असे ते म्हणते. वेळ लावून पुन्हा बांधले. झाले.'

ही तीच मुलगी नव्हे. ती, ओव्यांची, आता अकरावीला तालुक्याला जाते. पण शनिवारी येते. आजीची लेक पलीकडच्या वाडीत दिली आहे. तिला आईच्या काही ओव्या येतात, पण नुसत्या बसून आठवत नाहीत, जात्याची खुंटी हातात धरली की आठवतात. म्हणून त्यांच्या माळ्यावरचे जाते खाली काढले आहे. ती म्हणते, एक्केचाळीस तरी निघतील. आजवर तेवीस टंकून झाल्या. एक प्रत यंत्रात, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक कागदावर, माझ्या घरच्या फडताळात.